पाच चिकट पट्ट्या

बुधाजीनं फायबर मारलेली होडी फुटत नाही, हे थळमध्ये कुणालाही विचारा. आठ वर्षांमागं त्याच्या हातची एक होडी धुक्यात एका लोखंडी बार्जवर नाकासमोर आदळली. होडीला ओरखडा नाही, बार्ज मात्र महिनाभर दुरुस्तीला. बार्जचा मालक तावातावानं भांडायला आला, बुधाजीच्या शेडमध्ये चहा प्यायला आणि जाताना आपल्या बार्जच्या नाकावरही दोन थर फायबर मारून घेऊन गेला. तेव्हापासून त्या बार्जच्या वाटेला खडकसुद्धा जात नाहीत. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी खडकांना विचारावं.

तर अशा माणसाच्या घरात, त्याच्या सख्ख्या नातीच्या हातून बोटाएवढी पट्टी घट्ट होऊ नये, ह्याला काय म्हणायचं?

नातीचं नाव कल्पिता. इंजिनिअरिंगची दोन वर्षं उरकली होती, पण पहिल्या वर्षाचा एक विषय अंगाला चिकटून बसला होता, घन आणि पॉलिमर पदार्थांचं रसायनशास्त्र. कॉलेजात नापास म्हणत नाहीत, केटी लागली म्हणतात. म्हणजे दुखतं तेवढंच, फक्त ऐकायला बरं. लेखी परीक्षा ती रडतखडत सुटली होती. राहिली होती तोंडी आणि तिच्यासोबतचा प्रयोग. तोंडीत ती दोनदा गळपटली होती. दोन्ही वेळा व्याख्या पाठ करून गेली, दोन्ही वेळा समोरच्यानं मधलंच काहीतरी विचारलं आणि पाठ केलेलं सगळं ओहोटीसारखं मागं गेलं. आता जुलैमधली ही तिसरी खेप. पहिल्या वर्षाचा विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात पाऊल टाकू देत नाहीत. सोमवारी सुटली तर सुटली, नाहीतर अख्खं वर्ष घरी बसायचं आणि बरोबरीच्या पोरी पुढच्या वर्गात गेलेल्या बघायच्या.

प्रयोग ऐकायला सोपा होता. होडीला मारतात तेच पॉलिएस्टर रेझिन घ्यायचं, त्यात हार्डनर घालायचा. अर्धा टक्का, एक, दीड, दोन आणि अडीच टक्के, अशा पाच पट्ट्या ओतायच्या. कुठली किती मिनिटांत धरते ते लिहायचं, दुसऱ्या दिवशी खिळ्यानं ओरखडून कुठली किती कडक झाली ते बघायचं. रेझिन सीलबंद डब्यातलंच हवं, डब्याच्या लेबलचा फोटो जर्नलमध्ये लावायचा, असा विनेश सरांचा हुकूम होता. आजोबांच्या पिंपातलं चालणार नव्हतं, कारण बुधाजी त्यात आपल्या मनानं काय काय आधीच मिसळून ठेवायचा आणि ते कुठल्याही लेबलवर लिहिलेलं नव्हतं.

म्हणून तिनं अलिबागहून दोन किलोचा डबा आणला. त्याच दुपारी शेडमध्ये झाकण उचकटून बाटलीच्या बुचात थोडंसं ओतून बघितलं, हार्डनरचे थेंब टाकले. अर्ध्या तासात बुचात गुलाबीसर बटण तयार! जमिनीवर आपटलं तर टणकन उडालं. कल्पिता इतकी खूश झाली की ते बटण तिनं दप्तराच्या खणात जपून ठेवलं आणि मैत्रिणीला, हेमालीला, फोन करून म्हणाली, "ह्या टायमाला सुटले बघ मी!"

बाईसाहेब तिथंच फसल्या.

पुढच्या आठवड्यात तिनं खऱ्या पाच पट्ट्या ओतल्या. मसाल्याच्या गिरणीवाल्या मावशींकडून इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता. हार्डनर सिरिंजनं मोजला, मोबाइलवर घड्याळ लावलं, वही उघडून बसली. अर्धा तास गेला. तास गेला. तीन तास गेले. वहीत लिहायचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी बोट लावलं तर बोटाबरोबर तार निघाली, गुळाच्या पाकाला निघते तशी.

तिनं पुन्हा ओतल्या. पुन्हा चिकट. कोरड्या जागी म्हणून माळ्यावर ठेवल्या, चिकट. बल्बखाली ठेवल्या, गरम झाल्या आणि जास्तच चिकट. चौथ्या खेपेला तर एक कोंबडी पट्टीवरून चालत गेली आणि पट्टी पायाला घेऊनच गेली. त्या कोंबडीला मग दिसेल ते चिकटत गेलं, पिसं, केरकचरा, सोडे, शेजाऱ्यांचं रेशनकार्ड. संध्याकाळी ती परत आली तेव्हा अर्ध्या आळीच्या हरवलेल्या वस्तू तिच्या पायाला सापडल्या. लोक हसले. कल्पिता हसली नाही.

"ह्यात हसण्यासारखं काय आहे?" ती शेडमध्ये एकटीच ओरडली. "पुस्तकात लिहिलंय तस्सं करतेय मी! पॉइंट वन ग्रॅमपर्यंत मोजतेय!"

पलीकडे बुधाजी पालथ्या होडीच्या बुडावर ब्रश फिरवत होता. मासेमारीची बंदी उठायला दहा दिवस राहिलेले, तीन होड्या बाकी, अंगाला फायबरमधल्या काचेची खाज.

"मोजतंस म्हनून व्हत न्हाय," तो म्हणाला. "माझ्यासारखी झाकनानं घाल. एक डबा, एक झाकन. पावसात वर अर्धा."

"आबा, झाकणाचा टक्का किती लिहू मी जर्नलमध्ये? विनेश सर फेकून देतील ते!"

"तुझा सर कवा होडी घेऊन दर्यात गेलाय?"

"नाही गेला! पण मार्क त्याच्याच हातात आहेत ना!"

बुधाजीनं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. कारण खरं होतं. आणि कल्पिताचा जीव जळत होता तो इथंच. हा माणूस मोजत नाही, बघत नाही, गप्पा मारता मारता डब्यात झाकण उलटं करतो आणि त्याचं फायबर दगड होतं. आणि आपण काट्यावर श्वास रोखून मोजतो तर पाक!

तिनं काटा बदलला. हार्डनरची नवी बाटली आणली. खाऱ्या हवेचा दोष म्हणून सगळ्या खिडक्यांना प्लास्टिक मारलं. शेवटी डबाच खराब, असं ठरवून भर पावसात अलिबागला हितेशभाईच्या दुकानात जाऊन थडकली.

"काका, रेझिन धरत नाही तुमचं."

"शूं वात करो छो, बेन?" हितेशभाईनं चष्मा वर केला. "ह्याच मालमधले चाळीस डबे रेवसपासून मुरूडपर्यंत गेले. चाळीस होड्या उभ्या हाय. एकपण माणूस नाय आला बोंब मारत."

"मी आलेय ना!"

"तुम्ही किती हार्डनर घातला?"

"अर्धा, एक, दीड, दोन, अडीच. टक्के."

"तेच! एकदा अर्धा, एकदा अडीच, तो रेझिनपण गोंधळून जाणार ना. बुधाजीशेठना विचारा तुम्ही, घरातच उस्ताद हाय."

घरातच उस्ताद! हे वाक्य तिनं त्या आठवड्यात अकरा वेळा ऐकलं. दुकानात, रिक्षात, मासळीवाल्या भागुबाईकडून, एकदा तर स्वप्नात त्या कोंबडीकडून. हेमालीची तोंडी पहिल्याच खेपेला सुटली होती, तिनं फोनवर समजूत घातली, "चिल कर यार, ये विषयच भंगार आहे." त्यानं तर जास्तच आग झाली.

विनेश सरांना फोन केला. सर वर्गात दहा वर्षांमागच्या पिवळ्या वहीतून उतरवून देत असत आणि कुणी प्रश्न विचारला की 'तो पुढच्या युनिटमध्ये आहे' म्हणत. युनिट सहानंतर पुढचं युनिट नव्हतं, तेव्हाही हेच म्हणत.

"सर, पट्ट्या घट्ट होत नाहीयेत."

"होतात. वहीत दिलंय. दीड टक्क्याला पंचवीस मिनिटं."

"सर, वहीत होतात. माझ्या शेडमध्ये होत नाहीयेत."

"मग वहीतलं बघून लिही आणि कुणाच्या तरी पट्ट्या आण. सोमवारी बाहेरच्या परीक्षक आहेत, कटकट नको."

फोन ठेवल्यावर कल्पितानं बराच वेळ त्या वहीकडे बघितलं. लिहिता आलं असतं. पंचवीस मिनिटं, सुरेख आलेख, सगळं. पण पाच खेपा तिनं स्वतःच्या बोटानं ती तार ओढून बघितली होती. त्या बोटानं खोटं लिहायला तिला जमेना. त्यातही चीड अशी की प्रामाणिकपणाचं कौतुक कुणाला सांगावं, तर सांगण्यासारखं काही नव्हतंच. नापास होणार होती, एवढंच.

घरात ह्या सगळ्याचा त्रास करून न घेणारं एकच माणूस होतं. ठमाबाई, कल्पिताची आजी. तिचा बाप लाकडी होड्या बांधायचा. त्या काळी होडीच्या नाकाचं लाकूड बुडाच्या लाकडाला जिथं जोडत, तिथं सांध्यात तांब्याचा पैसा ठेवत. पैसा ठेवलेली होडी माणसं परत आणते, असा विश्वास. ठमाबाई बापाचे असे मूठभर जुने पैसे लग्नात गाठीला बांधून घेऊन आली होती. पुढं लाकूड गेलं, फायबर आलं. फायबरच्या होडीला सांधाच नाही, पाठपोट सगळं एक. पैसा ठेवायचा कुठं? ठमाबाईनं दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, होडी डब्यातनं निघते ना, मग पैसा डब्यात. तेव्हापासून दर मोसमात बुधाजीच्या पहिल्या डब्यात ती पैसा सोडायची, हात जोडायची आणि भाकऱ्या करायला निघून जायची. बुधाजीनं कधी हूं की चूं केलं नाही. तिच्यापुढं करणार कोण? एकदा वादळाचा इशारा आला असता ठमाबाईनं दारात उभं राहून वाऱ्याला नुसतं "काय रं?" विचारलं, तर वारा मुरूडला निघून गेला.

"होईल गो तुझा," ती नातीला म्हणायची. "मी हाय ना."

"आजी, तू काय करणारेस? तुला पॉलिमर म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?"

"मना नको सांगू. मना तुझा पास व्हनं म्हाईत हाय."

रविवारी कल्पितानं शेवटची खेप ओतली. सोमवारी सकाळी बोट लावलं. तार निघाली. ती रडली नाही, दात खाल्ले फक्त. त्या पाचही पट्ट्या तिनं प्लास्टिकवर ठेवून खोक्यात घातल्या, वहीत प्रत्येकीपुढं 'धरली नाही' असं पाच वेळा लिहिलं आणि उरलेला डबासुद्धा पिशवीत घेतला. परीक्षकांना दाखवायचा होता. म्हणजे निदान मूर्ख आपण नव्हतो, रेझिन भिकार होतं, एवढं तरी कुणीतरी मान्य करावं.

कॉलेज डोंगरावर. एसटीत खोकं मांडीवर, डबा पायात. बाजूच्या म्हातारीनं विचारलं, "मिठाई हाय का?" कल्पिता म्हणाली, "विष आहे." म्हातारी पुढच्या स्टॉपला जागा बदलून बसली.

तोंडीच्या खोलीत विनेश सर आणि महाडच्या कॉलेजातून आलेल्या प्रज्ञा मॅडम बसल्या होत्या. मॅडम बारीक, शांत, समोर चहाचा कप तसाच. कल्पिताच्या आधीचे चौघं तीन-तीन मिनिटांत बाहेर आले होते. सगळ्यांच्या पट्ट्या कडक, सगळ्यांच्या वहीत पंचवीस मिनिटं. चौघांच्याही पट्ट्यांच्या कोपऱ्याला एकच टवका उडालेला होता, कारण पट्ट्यांचा संच एकच होता. तो खिडकीतून फिरत होता.

विनेश सरांनी कल्पिताचं खोकं उघडलं, एका पट्टीला टिचकी मारायला गेले आणि बोट तिथंच राहिलं. ओढलं तर तार निघाली. तार तोडायला दुसरा हात लावला, तोही अडकला. दोन्ही हात सोडवताना जर्नल अडकलं, जर्नलला हजेरीपट अडकला.

"हे काय आहे?" सर किंचाळले. "निकाल, पाच वेळा 'धरली नाही'? प्रयोग फसला म्हणजे फसला. मॅडम, हिची तिसरी वेळ आहे. काही येत नाही हिला. पुढचा बोलवूया?"

कल्पिताचं दोन आठवडे साठलेलं सगळं बाहेर आलं. "सर, मी मोजून केलंय सगळं! सहा खेपा केलंय! हे रेझिनच खराब आहे, हा बघा डबा, मी घेऊन आलेय!"

तिनं डबा टेबलावर आपटला. मॅडमनी शांतपणे झाकण काढलं, आत वाकून बघितलं.

"हिरवट दिसतंय," त्या म्हणाल्या. "आणल्या दिवशी असाच रंग होता?"

कल्पिता अडखळली. "नाही... गुलाबीसर होता. पहिल्या दिवशी मी बुचात ओतून बघितलं होतं." तिनं दप्तराच्या खणातून ते बटण काढलं. "हे त्याच डब्यातलं. हे धरलं होतं. अर्ध्या तासात."

मॅडमनी बटण टेबलावर टाकलं. टणकन वाजलं. "आणि त्यानंतरचं काहीच नाही?"

"काहीच नाही."

"म्हणजे रेझिन चांगलं होतं. पहिल्या दिवसानंतर काहीतरी झालं." मॅडमनी काचेचं एक रिकामं चंचुपात्र पुढं ओढलं आणि डबा त्याच्यावर उलटा केला. जाडसर हिरवट रेझिन मधासारखं ओघळत आलं. संपत आलं तसा डब्याच्या बुडाशी काहीतरी सरकलं, कडेला थबकलं आणि टप्पकन काचेत पडलं. चंचुपात्रभर रेझिनच्या मधोमध तांब्याचा पैसा. कडेनं हिरवा झालेला, मधे हळदकुंकवाचे पुंजके.

विनेश सर हजेरीपटासकट पुढं वाकले.

"हे कोणाचं?" मॅडमनी विचारलं.

"आजीचं," कल्पिता म्हणाली आणि तिथंच तिचा आवाज फाटला. "माझ्या आजीनं... मी पास व्हावं म्हणून... आमच्यात होडीला..." तिला धड रडताही येईना, धड ओरडताही येईना. दोन आठवडे! खिडक्यांना प्लास्टिक! हितेशभाईशी भांडण! आणि हा पैसा डब्याच्या बुडाशी मजेत बसला होता!

विनेश सर हजेरीपट सोडवता सोडवता खो खो हसले. "रसायनशास्त्रात हळदकुंकू! झालं मॅडम, आता तरी पुढचा?"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कल्पिताकडे बघितलं. "व्याख्या नको सांगूस. पैसा पडला, रेझिन धरलं नाही. का?"

पाठ केलेलं काहीच ह्या प्रश्नाला लागू नव्हतं. कल्पितानं पैशाकडे बघितलं, बोटाला चिकटलेल्या तारेकडे बघितलं. आणि रागाच्या भरातच बोलायला लागली, आजीशी भांडावं तशी.

"हार्डनर घातला की त्याचे तुकडे होतात मॅडम. प्रत्येक तुकड्याचा एक हात मोकळा असतो, फ्री रॅडिकल. तो शेजारच्या रेणूचा दुहेरी बंध उघडतो, मग त्याचा हात मोकळा होतो, तो पुढच्याला धरतो, असं करत साखळी. साखळीला दुसऱ्या साखळीचे आडवे टाके पडतात. सगळं मिळून जाळं होतं. मासे पकडायचं असतं ना, तसंच, पण सगळीकडून विणलेलं. जाळं झालं की कुणालाच सरकता येत नाही. ते घट्ट होणं. आणि मग तापवलं तरी परत वितळत नाही."

"आणि तांबं?"

"तांबं मधे येऊन मोकळे हातच बंद करून टाकतं. हात मोकळा नाही तर पुढच्याला कोण धरणार? विणायला घेतलं की टाका सुटला, घेतलं की सुटला. साखळ्या आखूड राहतात. म्हणून तार निघते."

"नाणं तर धातू आहे. रेझिनमध्ये विरघळलं कसं?"

कल्पितानं डोळे मिटले. आजी पैसा कसा धुते ते तिच्या डोळ्यांसमोर आलं. "चिंच आणि मीठ लावून घासते ती. पुसत नाही, ओलाच सोडते. चिंचेचं आम्ल तांब्याला लागलं, क्षार झाले, ते आत उतरले. म्हणून हिरवं. पंधरा दिवस मुरत होतं ते." मग एकदम डोळे उघडून ती म्हणाली, "आणि हळद! हळदीतलं जे पिवळं असतं ना मॅडम, त्यात फिनॉलचे गट असतात. तेही रॅडिकलला गिळतं. दुकानात रेझिन आपोआप घट्ट होऊ नये म्हणून कंपनी असलंच काहीतरी चिमूटभर घालते. माझ्या आजीनं मूठभर घातलं!"

"कशावरून? तांबं की हळद?"

"सांगता येत नाही," कल्पिता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तोंडी परीक्षेत हे वाक्य ती न घाबरता म्हणत होती. "नवीन डबा आणून चार वाट्या करायला लागतील. एक नुसती, एकीत तांबं, एकीत हळद, एकीत दोन्ही. तेव्हा कळेल."

प्रज्ञा मॅडमनी पेन उचललं. "सर, हजेरीपट सुटला का?"

"नाही हो," विनेश सर कुरकुरले. "आणि प्रयोगाचा निकाल चुकीचा आहे तिचा, वहीप्रमाणे..."

"निकाल बरोबर आहे. आज पाच मुलं बघितली. 'धरली नाही' असं लिहिणारी ही एकटी." मॅडमनी चिकटलेल्या हजेरीपटाच्या मोकळ्या कोपऱ्यात कल्पिताचं नाव शोधलं, आकडा लिहिला. पेन उचलताना पेनही चिकटलं. तो कागद त्या पट्टीपासून पुढं कधीच सुटला नाही असं म्हणतात. परीक्षा विभागात तो पट्टीसकट फाइलला लावलाय आणि त्यातला एकही आकडा कुणाला खोडता येत नाही.

थळच्या नाक्यावर बुधाजी छत्री घेऊन उभा होता. हातापायाला फायबरची धूळ, म्हणजे काम सोडून आला होता.

"काय झाला?"

"सुटले."

"मंग त्वांड असा का?"

कल्पितानं रुमालात गुंडाळलेला पैसा काढून त्याच्यासमोर धरला. "हा माझ्या डब्यात होता आबा. आजीनं टाकला होता. ह्याच्यामुळं पंधरा दिवस माझं डोकं फिरलंय!"

बुधाजीनं पैसा बघितला आणि छत्री एकदम खाली घेतली, जणू रस्त्यावरच्या सगळ्यांपासून लपायचं होतं.

"आबा?"

"हल्लू बोल."

"तुम्हाला माहीत होतं!"

"पयल्या वर्साला तिनं टाकला व्हता," बुधाजी पुटपुटला. "अख्खी होडी चिकट राहिली. आठ दिवस मी घासत व्हतो. तवापासून ती वळली का मी लगेच काढतंय. पैसा पुसतंय न होडीच्या फळीखाली ठेवतंय. पंचवीस वर्सं झाली."

"पंचवीस वर्षं! आणि मला नाही सांगितलंत? मी तुमच्यासमोर सहा खेपा पट्ट्या ओतल्या! झाकणानं घाल म्हणत होतात!"

"मना काय म्हाईत ती तुझ्या डब्यात पन टाकंल! माझ्या डब्यात टाकते ती मना दाखवून टाकते." बुधाजीचा चेहरा पडला होता. "कल्पे, बाय, तिला सांगू नको. पंचवीस वर्सं ती समजते का पैशानं होडी परत येतेय. आता सांगितला तर ती मना दर्यात घालंल न तिथनं पन परत येऊ द्याची न्हाय."

कल्पिताला ओरडायचं होतं. पोटातलं सगळं आजीच्या पुढ्यात ओतायचं होतं. सबंध एसटीत ती तेच जुळवत आली होती, कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर. आता तेही गेलं.

घराच्या ओटीवर ठमाबाई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पास?"

"पास."

"माझा पैसा?"

कल्पितानं पैसा पुढं केला. ठमाबाईनं तो उलटासुलटा करून बघितला, हिरवा डाग अंगठ्यानं चोळला आणि नवऱ्याकडे आणि नातीकडे एकेक नजर टाकली. "दोनदा गेलीस, दोनदा पडलीस. ह्या बारीला मी टाकला, तर सुटलीस. न मना विचारतंस, पॉलिमर म्हाईत हाय का!"

कल्पितानं तोंड उघडलं. आजीच्या मागं बुधाजी दोन्ही हात जोडून उभा होता. शिवाय, आणि ह्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला, आजीचं म्हणणं खोडता येत नव्हतं. पट्ट्या नीट धरल्या असत्या तर ती पाठ केलेलं म्हणायला गेली असती, मॅडमनी मधलंच काहीतरी विचारलं असतं आणि ती तिसऱ्यांदा गळपटली असती. पैसा डब्यात होता म्हणूनच तिला काहीतरी खरंच कळलं होतं. हे कुणाला सांगणार? तिनं तोंड मिटलं. दात आवळल्याचा आवाज बुधाजीला स्पष्ट ऐकू आला.

ठमाबाई पैसा घेऊन चिंच शोधायला उठली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "आता सगला सुटला ना?"

"गणित तीन राहिलंय," कल्पिता बेसावधपणे म्हणाली. "डिसेंबरला."

"गनित." ठमाबाईनं विचार केला. "त्याचा डबा कुठं असतो?"

"गणिताला डबा नसतो, आजी!"

"मंग कशात करतात?"

"कशातच नाही! डोक्यात करतात! कागदावर! कॅल्क्युलेटरवर!"

शेवटचा शब्द तोंडातून सुटला आणि कल्पिता थिजली. ठमाबाईची नजर ओटीवरच्या दप्तराकडे गेली होती आणि तिथं ती नको तेवढा वेळ थांबली. मग ती आत गेली. आतून चिंचेचा डबा उघडल्याचा आवाज आला.

कल्पितानं चप्पलही काढली नाही. दप्तरातून कॅल्क्युलेटर काढला, मागचं सेलचं झाकण घट्ट आहे ना बघितलं, लोखंडी कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप घातलं आणि चावी गळ्यातल्या साखळीत ओवून घेतली. बुधाजी दारातून बघत होता.

"आबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तिच्याकडे एकूण किती पैसे आहेत असले?"

"सव्वीस व्हते," बुधाजी म्हणाला. "मी फळ्यांखाली पंचवीस ठेवलेत."

त्याच वेळी आतून ठमाबाईचा आवाज आला, अगदी गोड. "कल्पे, तुझ्या मोबाइलचा मागचा कवर निघतो का गो?"